जुनी रिळे आणि कॅसेट एचडी करून घेताना

जुन्या चित्रणाचे एचडी रूपांतर किती चांगले होईल, हे संगणकापेक्षा मूळ माध्यमावर अवलंबून असते. ३५ मिमी चित्रपटाच्या निगेटिव्हमध्ये एचडीच्या १९२० × १०८० बिंदूंहून अधिक तपशील साठलेला असतो. नीट जपलेल्या १६ मिमी रिळातही एचडीला पुरेल इतका असतो. व्हीएचएस कॅसेटमध्ये तो आडव्या दिशेने जेमतेम २४० रेषांचा, आणि व्हीसीडीवर सगळे चित्रच ३५२ × २८८ बिंदूंचे. प्रभातच्या ‘संत तुकाराम’चे (१९३६) रीळ नव्याने स्कॅन केले, तर विष्णुपंत पागनीसांच्या चेहऱ्यावरची रेषान्‌रेषा दिसू शकते. तोच चित्रपट व्हीसीडीवरून मोठा करून वर ‘एचडी’ लिहिले, तर फक्त धूसरपणा मोठा होतो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या घरांत रिळे क्वचितच निघतात. निघतात त्या लग्नाच्या, बारशाच्या कॅसेट. त्यांत नवरानवरीच्या मागे जे आपसूक टिपले गेले, ते आज फार मोलाचे आहे. यवतमाळ–मूर्तिजापूर मार्गावरची नॅरोगेज ‘शकुंतला’ १५ एप्रिल १९९४ पर्यंत वाफेचे इंजिन ओढत असे. १९२१ साली मँचेस्टरला बनलेले ते इंजिन गेले, डिझेल आले, पुढे गाडीही थांबली. त्याआधी दारव्ह्याच्या स्टेशनवर कुणी वऱ्हाडाचे शूटिंग केले असेल, तर त्या कॅसेटमध्ये जिल्ह्याचा इतिहास आहे. आणि नेमका तोच रूपांतरात पुसला जातो. जुन्या कॅसेटच्या चित्रात मुंग्या दिसतात. त्या घालवणारे सॉफ्टवेअर सतत हलणारे आणि ठळक कडा नसलेले ते सगळे दोष समजते. इंजिनाचा धूरही तसाच असतो. मुंग्यांबरोबर धूर जातो, पावसाची भुरभुर जाते, लुगड्याचा पोत जातो, आणि माणसे मेणाची दिसू लागतात.

याहून घातक आहे ती कृत्रिम बुद्धिमत्तेने चेहरे ‘स्पष्ट’ करण्याची सोय. कॅसेटमध्ये नसलेले डोळे आणि दात ती स्वतःच्या अंदाजाने भरते. चित्र चकचकीत होते, पण त्यातली आजी आपली राहत नाही. घरच्या चित्रणावर ही सोय मुळीच वापरू देऊ नये.

अ‍ॅनिमेशनला यांत्रिक सफाई आणखी जाचते. विजया मुळे यांचा ‘एक अनेक और एकता’ (१९७४) हाताने काढलेल्या चित्रांचा. अशा कामात एकच चित्र बहुधा दोन फ्रेम धरून ठेवतात आणि हालचालीची लय त्यातूनच येते. टीव्हीतली किंवा सॉफ्टवेअरमधली ‘स्मूथ मोशन’ मधल्या फ्रेम स्वतः रचून ती लय मोडते. धूळ काढणारी यंत्रणा बारीक रेघेलाही कचरा समजू शकते, म्हणून अशा चित्रपटाची सफाई माणसाने फ्रेम पाहत पाहतच करायची असते.

चौकटीचे प्रमाण आणि वेग यांत तर चूक होऊच नये. जुने चित्रपट आणि कॅसेट ४:३ चौकटीच्या असतात. १६:९ पडदा भरण्यासाठी वरखाली कापले तर चित्राचा चौथा भाग जातो. समूहचित्रात मागच्या रांगेची डोकीच उडतात. ताणले तर सगळे जाडे होतात. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या तशाच राहू द्याव्यात. २४ फ्रेमचा चित्रपट २५ ने चालवला की तो सुमारे ४ टक्के वेगाने धावतो आणि आवाजही चढतो. घरगुती ८ मिमी रीळ १६ किंवा १८ फ्रेमचे असते, हे दुकानदाराला आधीच सांगावे.

कामाला उशीर परवडणारा नाही. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी फुनाई २०१६ मध्ये थांबली. आता जी यंत्रे आहेत ती जुनीच. त्यात इकडचा ४५ अंशांचा उन्हाळा, टिनाखालचा माळा आणि पाठोपाठ पावसाळ्याची ओल. कॅसेटच्या खिडकीतून आत पांढरी बुरशी दिसली तर ती व्हीसीआरमध्ये घालू नये. यंत्राचे हेड खराब होते आणि बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. ती आधी जाणकाराकडून साफ करून घ्यावी.

दुकानात एकच गोष्ट ठामपणे मागावी: पहिली प्रत काहीही न सुधारता, जशीच्या तशी. डीव्ही स्वरूपात ती तासाला सुमारे १३ जीबी होते. ती दोन हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवावी. मोबाइलवर पाहायची छोटी प्रत तिच्यावरून हवी तितक्या वेळा काढता येते.

सिनेमाचे जुने रीळ हाती लागले तर मात्र ते प्रोजेक्टरवर चालवून पाहू नये. १९५०च्या आधीचे रीळ नायट्रेटचे असू शकते आणि ते भडकते. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये अशाच रिळांना आग लागली होती. व्हिनेगरसारखा वास येणारे रीळ ॲसिटेटचे असते आणि कुजू लागलेले असते. दोन्हींसाठी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी संपर्क साधावा. आणि रूपांतर झाले म्हणून मूळ कॅसेट किंवा रीळ दुकानात सोडून येऊ नये. मोजून परत घ्यावे.