हरवलेल्या स्मृतीचा शोध

इसवी सन १९०१ मधील नोव्हेंबर महिना होता. जर्मनीतील फ्रँकफर्ट शहराच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाच्या ५१ वर्षांच्या एका बाईंना दाखल करण्यात आले. त्यांचे पती रेल्वेत कारकून होते. अनेक वर्षे दोघांचा संसार सुरळीत चालला होता. परंतु पुढे पुढे ऑगस्टेबाईंचा स्वयंपाक बिघडू लागला, ठेवलेल्या वस्तू त्यांना सापडेनाशा झाल्या, आणि स्वतःच्या घरातही त्या गोंधळल्यासारख्या फिरू लागल्या.

रुग्णालयातील आलोइस आल्झायमर हे ३७ वर्षांचे डॉक्टर त्यांच्याजवळ जाऊन बसले.

“आपले नाव काय?”

“ऑगस्टे.”

“आणि पतीचे नाव?”

“ऑगस्टे, असे वाटते.”

डॉक्टरांनी त्यांना पेन्सिल, लेखणी, किल्ली अशा वस्तू दाखवल्या. बाईंनी प्रत्येकीचे नाव बिनचूक सांगितले. पण थोड्या वेळाने, ‘आताच काय काय दाखवले?’ असे विचारताच त्यांना काहीच आठवेना. दुपारी फुलकोबी खात असताना, काय खाता, असे विचारले, तेव्हा ‘पालक’ असे उत्तर आले. नाव लिहावयास सांगितले, तर पहिला शब्द लिहून झाल्यावर पुढचा त्या विसरून गेल्या. आल्झायमर यांनी हे सारे प्रश्न आणि उत्तरे शब्दशः टिपून ठेवली.

‘साठी बुद्धी नाठी’ अशी म्हण आपल्याकडे आहे. वय झाले की विसरभोळेपणा यायचाच, असा समज युरोपातही रूढ होता. परंतु ऑगस्टेबाईंना साठी गाठावयास अजून नऊ वर्षे होती. मग हा केवळ म्हातारपणाचा परिणाम कसा म्हणावा? मेंदूतच काही बिघाड झाला असला पाहिजे, असे आल्झायमर यांना वाटू लागले.

या रोगावर त्यांच्यापाशी औषध नव्हते. पुढे ते म्युनिक येथे काम करू लागले, तरी या रुग्णाची चौकशी त्यांनी सोडली नाही. ८ एप्रिल १९०६ रोजी ऑगस्टेबाईंचे निधन झाले. तेव्हा आल्झायमर यांनी त्यांची कागदपत्रे आणि तपासणीसाठी त्यांचा मेंदू म्युनिकला मागवून घेतला. मेंदूचे अतिशय पातळ काप करून त्यांवर चांदीच्या क्षारांचा रंग चढवला आणि ते सूक्ष्मदर्शक यंत्राखाली धरले. मेंदू बराच आकसला होता. मज्जापेशींच्या मधल्या जागेत कसल्याशा पदार्थाची पुटे साचली होती. पेशींच्या आत बारीक तंतूंचे गुंते झाले होते. कित्येक ठिकाणी पेशी नष्ट झाली होती आणि तिच्या जागी नुसता गुंताच शिल्लक उरला होता.

३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्यूबिंगेन येथे भरलेल्या डॉक्टरांच्या सभेत आल्झायमर यांनी ही हकीकत सांगितली. श्रोत्यांपैकी कोणीही एक प्रश्नदेखील विचारला नाही! तथापि १९१० साली त्यांचे वरिष्ठ एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या रोगाला ‘आल्झायमरचा रोग’ असे नाव दिले. आल्झायमर १९१५ साली, वयाच्या ५१ व्या वर्षी वारले. त्यांनी लिहिलेली ती टिपणे अनेक वर्षे हरवलेली होती. ती १९९५ साली फ्रँकफर्ट येथे पुन्हा सापडली.

ती पुटे कशाची, आणि ते गुंते कशाचे? या प्रश्नांची उत्तरे मिळण्यास पाऊण शतकाहून अधिक काळ जावा लागला. १९८४ साली अमेरिकेतील ग्लेनर आणि वाँग या संशोधकांनी अमायलॉइड-बीटा हे प्रथिन वेगळे काढले. पुटे याच प्रथिनाची असतात. त्यानंतर दोनच वर्षांत गुंत्यातील प्रथिनही ओळखता आले. त्याचे नाव टाउ. मज्जापेशीच्या लांब धाग्यातून अन्नद्रव्ये वाहून नेणाऱ्या सूक्ष्म नळ्या असतात. रेल्वेचे रूळ जसे स्लीपरांमुळे जागच्या जागी राहतात, तशा या नळ्या टाउमुळे सुस्थितीत राहतात. टाउ सुटून त्याचा गुंता झाला की ही वाहतूक बिघडते आणि पेशी मरू लागते. आश्चर्य असे की, विसरभोळेपणा दिसू लागण्यापूर्वी १५ ते २० वर्षे हा बिघाड मेंदूत गुपचूप सुरू झालेला असतो.

हा रोग नेमका कोणाला होतो? वाढते वय हे सर्वांत मोठे कारण आहे. काही थोड्या कुटुंबांत तो आनुवंशिक असतो. एपीओई-४ नावाचे जनुक असल्यास त्याचा संभव वाढतो, हे १९९३ साली आढळून आले. पण ते जनुक असलेल्या प्रत्येकाला हा रोग होतोच असे नाही.

पूर्वी या रोगाची खात्री मृत्यूनंतर मेंदू तपासूनच पटत असे. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील संशोधकांनी अमायलॉइडला चिकटणारे एक द्रव्य तयार केले. त्याच्या साहाय्याने जिवंत माणसाच्या मेंदूतील पुटे चित्रात दिसू शकतात, हे २००४ साली प्रसिद्ध झाले. मे २०२५ मध्ये अमेरिकेत रक्ताच्या एका तपासणीलाही मान्यता मिळाली. अर्थात नुसत्या तपासणीवर विसंबता येत नाही. आल्झायमर यांच्याप्रमाणे रुग्णाजवळ बसून त्याला प्रश्न विचारणे आजही आवश्यकच आहे.

उपचारांची वाट अधिक बिकट ठरली. १९९६ पासून अमेरिकेत वापरात आलेल्या डोनेपेझिल या औषधाने काहींची स्मरणशक्ती थोडा काळ सुधारते, पण रोग थांबत नाही. अनेक नवी औषधे प्रयोगांत अपयशी ठरली. अखेर लेकानेमॅब (२०२३) आणि डोनानेमॅब (२०२४) या औषधांना तेथे मान्यता मिळाली. ती मेंदूतील अमायलॉइड काढून टाकतात. लेकानेमॅबच्या चाचणीत १८ महिन्यांच्या काळात रोगाची वाढ सुमारे २७ टक्क्यांनी मंदावली. परंतु ही औषधे रोगाच्या आरंभीच उपयोगी पडतात. त्यांच्यामुळे मेंदूला सूज येण्याचा किंवा त्यात रक्तस्राव होण्याचा धोका असतो, आणि गेलेली स्मृती त्यांनी परत येत नाही. पुटे काढूनही रोग पुरता का थांबत नाही, याचा शोध अद्याप चालू आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात ५ कोटी ७० लाख लोकांना स्मृतिभ्रंश झालेला होता. त्यांपैकी बहुसंख्यांच्या बाबतीत आल्झायमरचा रोग हेच कारण असते. शिक्षण, व्यायाम, रक्तदाब व मधुमेह यांवर नियंत्रण आणि कमी ऐकू येत असल्यास वेळीच उपचार, यांनी हा धोका कमी होतो, असे संशोधक सांगतात.

घरातील आजोबांनी एकच प्रश्न दहा वेळा विचारला, किंवा आजीने नातवाला भलत्याच नावाने हाक मारली, तर तो हट्ट नसतो आणि थट्टेचा विषय तर मुळीच नसतो. त्यांना डॉक्टरांकडे नेणे हे घरातील मोठ्यांचे काम. परंतु अकराव्या वेळीही शांतपणे उत्तर देणे लहानांनाही साधण्यासारखे आहे.