संगणकातील आगंतुक

प्रस्तावना

वीजदेयक भरणे, परीक्षेचा निकाल पाहणे, निवृत्तिवेतनाची चौकशी करणे ही कामे आता घरच्या संगणकावरून होतात. संगणक उघडला, ब्राउझर सुरू केला आणि हवे ते शोधले, एवढा हा व्यवहार सोपा झाला आहे. परंतु आपण शोधतो ते आणि आपल्यासमोर येते ते यांच्या मधे कोणी तिसराच येऊन बसला तर? प्रस्तुत पाठात अशा तिसऱ्याची ओळख करून दिली आहे. तो घरात कसा शिरतो, त्याला बाहेर कसे काढावे आणि पुन्हा शिरू कसे देऊ नये, हा या पाठाचा विषय आहे. ‘ब्राउझर’ या शब्दासाठी मराठीत ‘न्याहाळक’ असा सुरेख शब्द घडवला गेला आहे. तथापि बोलण्यात तो रुळला नाही, म्हणून येथे रूढ शब्दच वापरला आहे.

पाठ

भिलाई हे पोलादाचे गाव. १९५५ साली सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून येथील पोलाद कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भिलाई ज्या दुर्ग भागात आहे, तो भाग १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता. साहजिकच विदर्भातून आलेली मराठी कुटुंबे या परिसरात जुन्या काळापासून आहेत आणि कारखान्याच्या निमित्ताने त्यांत भर पडली. घराबाहेर हिंदी-छत्तीसगढी आणि घरात मराठी, असा त्यांचा भाषाव्यवहार असतो.

अशाच एका घराचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. चित्र काल्पनिक आहे, पण त्यातील प्रत्येक गोष्ट कुठे ना कुठे रोज घडते. आजोबा कारखान्यातून निवृत्त झालेले आहेत. नात मुक्त विद्यालयाची परीक्षा देत आहे. तिला मराठीत निबंध टंकलिखित करायचा आहे. मात्र आसपासच्या दुकानांत चालतो तो हिंदीचा कृतिदेव. म्हणून तिने ‘मराठी फॉन्ट मोफत’ असे शोधले, पहिल्याच दुव्यावर टिचकी मारली आणि ‘पुढे, पुढे, मान्य आहे’ करीत फॉन्ट उतरवून घेतला. फॉन्ट मिळालाही. दुसऱ्या दिवशी मात्र ब्राउझर उघडताच नेहमीच्या पानाऐवजी वेगळेच पान आले. कोपऱ्यातून जाहिराती डोकावू लागल्या. तिने जुने पान पुन्हा लावले. संगणक बंद करून सुरू केला, तर नवे पान पुन्हा हजर!

नोव्हेंबरात आजोबा हयातीच्या दाखल्यासाठी भविष्य निर्वाह निधी कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक शोधू लागले. यादीत सर्वांत वर एक क्रमांक ठळक अक्षरांत आला. त्यांनी तो फिरवला. पलीकडील गृहस्थ अत्यंत अदबीने बोलत होता. त्याने आधार क्रमांक विचारला, बँकेचे नाव विचारले आणि म्हणाला, “आता भ्रमणध्वनीवर सहा आकडे येतील, तेवढे सांगा.”

“आजोबा, थांबा,” नात म्हणाली, “हा नंबर तुम्हाला कुठं मिळाला?”

“संगणकातच आला की. सगळ्यांत वर.”

तिने पडद्याकडे पाहिले. शोधाचे पान नेहमीचे दिसत होते. परंतु वरच्या पट्टीतील पत्ता तिने पूर्वी कधीही पाहिलेला नव्हता. आजोबांनी फोन ठेवला. ते सहा आकडे सांगितले असते, तर बँकेतील रक्कम दुसऱ्याच्या हाती गेली असती. भविष्य निर्वाह निधी संघटना आधार, बँक खाते किंवा एकवेळचा परवलीचा शब्द दूरध्वनीवरून कधीही मागत नाही.

गेटपासवाला चोर

पोलाद कारखान्याच्या दारावर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान असतात. बिनापरवाना माणूस आत जाऊ शकत नाही. पण एखाद्याने अधिकाऱ्याच्या सहीचा गेटपास दाखवला, तर त्याला कोण अडवणार? जाहिरातखोर आज्ञावलीचे, म्हणजे अ‍ॅडवेअरचे, नेमके हेच आहे. विषाणू भिंतीवरून उडी मारून आत येतो, तर अ‍ॅडवेअर मालकाच्या सहीचा गेटपास घेऊन समोरच्या दाराने येते. नातीने ‘मान्य आहे’ वर टिचकी मारली, तीच ही सही. फॉन्टबरोबर आणखी दोन आज्ञावली बसतील, मुखपान बदलेल, असे त्या लांबलचक मजकुरात कुठेतरी लिहिलेले असते. संमतीचा हा बुरखा असल्यामुळे विषाणूरोधक आज्ञावलींना अनेक वर्षे अडचण पडली. अखेर त्यांनी ‘संभाव्य अनावश्यक आज्ञावली’ असा निराळा वर्गच केला.

यातील जी आज्ञावली ब्राउझरचे मुखपान आणि शोधयंत्र बळकावते, तिला ब्राउझर हायजॅकर म्हणतात. या उद्योगामागे साधा हिशेब आहे. शोधयंत्राकडे गिऱ्हाईक आणून देणाऱ्याला जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा मिळतो. एका शोधाचे पैसे किरकोळ असतात. पण लाखो संगणकांतील शोध आपल्या दारावरून वळवले की तीच रक्कम मोठी होते. फुकट फॉन्ट देणाऱ्यालाही प्रत्येक संगणकामागे दलाली मिळते. फुकटाची किंमत अशी तिसऱ्याच खिशातून वसूल होते.

२०१७ सालचे ‘फायरबॉल’ प्रकरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. बीजिंगमधील राफोटेक या जाहिरात कंपनीची ही आज्ञावली मोफत आज्ञावलींच्या गाठोड्यात बांधून येई आणि बनावट शोधयंत्र बसवी. ते शोधयंत्र स्वतः काहीच शोधत नसे. प्रश्न गूगल किंवा याहूकडे पाठवून उत्तर आणून देई आणि वाटेत वापरणाऱ्याची माहिती टिपून घेई. हवी ती नवी आज्ञावली परस्पर उतरवण्याची क्षमताही तिच्यात होती. चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने जूनमध्ये जाहीर केले, की जगातील २५ कोटी संगणक बाधित असून त्यांपैकी सुमारे २ कोटी ५३ लाख, म्हणजे सर्वाधिक, भारतात आहेत. काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने या आकड्यावर आक्षेप घेतला. बनावट पानांना मिळालेल्या भेटींवरून काढलेला हा अंदाज फुगलेला आहे, असे तिचे म्हणणे होते. वृत्तपत्रांतून मात्र पहिला आकडाच गाजला. आकडा वाचताना तो कशाची मोजणी करून काढला, हे विचारण्याची सवय येथे उपयोगी पडते. त्याच वर्षी चीनच्या पोलिसांनी या प्रकरणी काही जणांना अटक केली.

कोरा करकरीत संगणक तरी निर्धोक असतो काय? २०१४ च्या सप्टेंबरपासून काही महिने लेनोवो कंपनीच्या काही लॅपटॉपांत ‘सुपरफिश’ नावाची जाहिरात-आज्ञावली कारखान्यातच बसवलेली होती. सुरक्षित पानांतही जाहिराती घालता याव्यात म्हणून तिने स्वतःचे बनावट प्रमाणपत्र संगणकात ठेवले होते आणि त्याची गुप्त किल्ली सर्व संगणकांत एकच होती. वसाहतीतल्या सगळ्या क्वार्टरांना एकच कुलूप लावण्याचाच हा प्रकार. फेब्रुवारी २०१५ मध्ये हे उघडकीस आले.

बाहेर काढण्याचा क्रम

नातीने मुखपान बदलले, तरी ते परत का आले? कारण तिने खूण पुसली, खूण करणारा मात्र आतच राहिला. संगणकात बसलेली मूळ आज्ञावली दर वेळी ब्राउझरची मांडणी पुन्हा बदलते. म्हणून आधी आज्ञावली आणि मग ब्राउझर हा क्रम सोडू नये. बहुतेकांचे श्रम याच ठिकाणी वाया जातात.

प्रथम महत्त्वाच्या कागदपत्रांची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी. त्यानंतर विंडोजच्या ‘सेटिंग्ज’मधील ‘अ‍ॅप्स’ विभागात बसवलेल्या आज्ञावलींची यादी उघडून ती तारखेनुसार लावावी. त्रास ज्या दिवशी सुरू झाला, त्या दिवशी किंवा आदल्या दिवशी कोण कोण आले, हे लगेच दिसते. अनोळखी नाव आढळल्यास ‘अनइन्स्टॉल’ करावे. नाव अनोळखी आहे एवढ्यावरून मात्र काहीही काढून टाकू नये. छपाईयंत्राची किंवा ध्वनीची आज्ञावलीही अनोळखीच वाटते. तारीख जुळते का, ते पाहावे. काढताना ‘खरोखर काढायचे? त्याऐवजी हे ठेवा’ असा प्रश्न विचारला जातो आणि मोठे, रंगीत बटण बहुधा ‘ठेवा’चे असते, तेव्हा वाचूनच टिचकी मारावी.

पुढची पायरी तपासणीची. विंडोजमध्ये ‘डिफेंडर’ आधीपासून असतो. त्यात पूर्ण तपासणी करावी आणि तेवढ्याने न भागल्यास ‘ऑफलाइन’ तपासणी करावी. या दुसऱ्या प्रकारात संगणक पुन्हा सुरू होऊन विंडोज जागे होण्याआधीच झडती घेतली जाते, त्यामुळे लपलेल्याला हालचाल करता येत नाही. ‘संभाव्य अनावश्यक’ आज्ञावली अडवण्याची सोय २०२० पासून विंडोजच्या सुरक्षाविभागात आहे. ती चालू आहे की नाही, हे स्वतः पाहावे. ‘मालवेअरबाइट्स’ कंपनीची ‘अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर’ ही मोफत आज्ञावलीही याच कामासाठी आहे. ती मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावी. जाहिरात काढण्याच्या नावाखाली जाहिरातच विकणारे भामटे कमी नाहीत.

मग ब्राउझरकडे वळावे. त्यातील जोडण्या, म्हणजे एक्स्टेन्शन, एकेक करून पाहाव्यात. ज्यांचे काम सांगता येत नाही त्या काढाव्यात. शोधयंत्र आणि सुरुवातीचे पान पुन्हा हवे ते निवडावे. तरीही घोळ राहिल्यास क्रोम व एजमधील ‘रीसेट सेटिंग्ज’, तर फायरफॉक्समधील ‘रिफ्रेश’ वापरावे. येथे एक छुपी जागा आहे. पडद्यावरील ब्राउझरच्या चिन्हावर उजवी टिचकी देऊन ‘प्रॉपर्टीज’ उघडावे. त्यातील ‘टार्गेट’च्या ओळीत शेवटी एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता चिकटवलेला असेल, तर तेवढाच भाग पुसावा. सर्व काही साफ करूनही नको असलेले पान येत राहते, त्याचे कारण कित्येकदा एवढेसेच असते. दुसरे कारण ‘सिंक’ हे होय. एका संगणकावरून काढलेली जोडणी खात्यामार्फत दुसऱ्या संगणकावरून परत येते, म्हणून सगळी यंत्रे साफ होईपर्यंत ही सोय बंद ठेवावी.

कोपऱ्यातून डोकावणाऱ्या जाहिरातींची गोष्ट थोडी निराळी आहे. पुष्कळदा त्यांच्यामागे कोणतीही आज्ञावली नसते. ‘पुढे जाण्यासाठी अलाऊ दाबा’ असे सांगून एखाद्या संकेतस्थळाने सूचना पाठवण्याची परवानगी घेतलेली असते. ब्राउझरच्या ‘साइट सेटिंग्ज’मधील ‘नोटिफिकेशन्स’मध्ये जाऊन ती काढली, की गलका थांबतो.

शेवटी महत्त्वाच्या खात्यांचे परवलीचे शब्द बदलावेत. मात्र ते दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून.

पुन्हा शिरू नये म्हणून

नातीला मुळात काहीच उतरवून घेण्याची गरज नव्हती! २०१९ पासून विंडोजमध्येच मराठीचा ध्वन्यनुसारी कळफलक आहे. ‘सेटिंग्ज’मधील भाषाविभागात मराठी जोडली, की तो मिळतो. गरजेची वस्तू घरात आहे का, हे आधी पाहणे हा सर्वांत स्वस्त उपाय. बाहेरून काही घ्यायचेच झाल्यास निर्मात्याच्या संकेतस्थळावरून घ्यावे आणि बसवताना ‘कस्टम’ पर्याय निवडून आधीच ठेवलेल्या खुणा काढाव्यात. जुनी, विश्वासाची जोडणीही कायम विश्वासाची राहीलच असे नाही. ‘द ग्रेट सस्पेंडर’ ही २० लाखांहून अधिक लोक वापरत असलेली जोडणी २०२० मध्ये नव्या मालकाकडे गेली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये घातक ठरवून गूगलने ती काढून टाकली. विंडोज १० च्या नियमित सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या, हेही जुने संगणक वापरणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

विषाणूरोधक आज्ञावलींचा विषय निघाला, की एका मराठी घराचे नाव घ्यावेच लागते. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर शिक्षण सोडून पुण्यात गणकयंत्रे दुरुस्त करीत. पुढे त्यांनी स्वतःचे दुरुस्तीचे दुकान काढले. धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते. दुरुस्तीला येणारे संगणक विषाणूंनी बिघडलेले असत, म्हणून संजय यांनी त्यांवर आज्ञावली लिहिली. १९९० च्या दशकात तिचे ‘क्विक हील’ झाले आणि २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केले, तेव्हा त्यामार्फत मोफत दिलेल्या साधनांत क्विक हीलचेही साधन होते.

परवानगीवाचून संगणकात घातक आज्ञावली घालणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ चा भंग आहे. तो अप्रामाणिक हेतूने केल्यास कलम ६६ अन्वये ३ वर्षांपर्यंत कारावास, ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. पहिल्या काही तासांत कळवल्यास रक्कम वाटेतच अडवता येण्याची शक्यता असते. संकोचाने चार दिवस गप्प बसल्यास ती जवळजवळ उरत नाही.

पाठगत प्रश्न

१. नातीने बदललेले मुखपान पुन्हा पूर्ववत का झाले?
२. अ‍ॅडवेअरला लेखकाने ‘गेटपासवाला चोर’ का म्हटले आहे?
३. ‘फायरबॉल’बाबत मायक्रोसॉफ्टने कोणता आक्षेप घेतला? असा आक्षेप घेता येईल अशी एखादी आकडेवारी वृत्तपत्रातून शोधून लिहा.
४. घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीला उद्देशून, दूरध्वनीवर कोणती माहिती सांगू नये याविषयी, आठ ओळींचे पत्र मराठीत लिहा. पत्र संगणकावर टंकलिखित केल्यास उत्तम.