पावसाळी रात्रीचा अभ्यास आणि लॅपटॉपची बॅटरी

परळच्या चाळीतील एका खोलीत विद्यार्थी भीमराव पहाटे दोन वाजता उठून काच नसलेल्या दिव्याच्या उजेडात अभ्यासाला बसत. आज आंबोलीच्या पावसात वीज गेली की आपल्या मुलांपुढे दिव्यातील तेलाऐवजी बॅटरी जपण्याचा प्रश्न उभा राहतो. हाती बहुधा कोणीतरी दिलेला जुना लॅपटॉप असतो आणि त्यावर लिनक्स. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली या प्रणालीचा गाभा सर्वांसाठी खुला केला. ज्ञान कुलुपात ठेवणारी परंपरा सोसलेल्या समाजाला याचे मोल वेगळे सांगायला नको.

प्रथम मोजमाप करावे. ‘यूपॉवर’ हा आदेश बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता दोन्ही दाखवितो. समजा, मुळात ५० वॅट-तास साठविणारी बॅटरी आता ३० वॅट-तासच साठविते. लॅपटॉप १५ वॅट खात असेल तर ती दोन तास पुरेल. खर्च साडेसात वॅटवर आणला तर चार तास. चार्जर काढून ‘पॉवरटॉप’ चालविल्यास हा खर्च कळतो आणि तो कोण करतो याचा अंदाजही येतो.

मोठा खर्च बहुधा पडद्याच्या उजेडाचा असतो. २००७ साली रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट येथील छोट्या शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ उपक्रमाचे लॅपटॉप आले. तेही लिनक्सवरच चालत. पडद्यामागचा दिवा बंद केला तरी उन्हात त्यावरील अक्षरे वाचता येत. आपल्या लॅपटॉपना ती सोय नाही. पण उजेड अर्ध्यावर आणता येतो, वायफाय व ब्लूटूथ बंद ठेवता येतात, ब्राउझरची नको असलेली पाने मिटता येतात. उरलेले काम ‘टीएलपी’ ही आज्ञावली पाहते. मात्र तिच्याबरोबर ‘पॉवर प्रोफाइल्स डीमन’ चालू ठेवू नये. दोघांची ओढाताण होते.

लिथियम बॅटरीला उष्णता आणि सततचे शंभर टक्के चार्जिंग मानवत नाही. थिंकपॅडसारख्या काही लॅपटॉपवर टीएलपीतून ८० टक्क्यांची मर्यादा घालता येते. उन्हाळ्यात ती जरूर घालावी. आंबोलीच्या पावसाळ्यात मात्र मी ती काढून टाकायला सांगतो. परीक्षेच्या आदल्या रात्री बॅटरीच्या आयुष्यापेक्षा तो एक तास अधिक मोलाचा असतो. बॅटरी फुगलेली दिसली, तर लॅपटॉप ताबडतोब बंद करून शिक्षकांकडे द्यावा.