पंपाच्या सेटमधली काटकसर

इन्सुलिन पंपाची किंमत एकदा मोजून होते. खिसा रिकामा होत राहतो तो त्याच्या सामानाने. दर दोन-तीन दिवसांनी नवी कॅन्युला, नवी नळी, नवा रिझर्व्हॉयर. पाकिटावर वर्तुळातल्या 2 या आकड्यावर काट मारलेली असते, म्हणजे दुसऱ्यांदा वापरू नका. तरी आम्ही पंपवाले सेट पाच-सहा दिवस ओढतो, रिझर्व्हॉयर पुन्हा भरतो. ‘काहीच पुन्हा वापरू नका’ एवढे सांगून मोकळे होणाऱ्याचे ओढाताणीच्या घरात कोणी ऐकत नाही, आणि सगळे सामान सारखेच धोक्याचे नसते हेही खरे. माझे म्हणणे एवढेच, की कातडीखाली जाणाऱ्या भागावर काटकसर करू नये. ती केल्यावाचून पंप परवडतच नसेल, तर डॉक्टरांशी बोलून इंजेक्शनांवर परत यावे.

याचे कारण पंपाच्या रचनेतच आहे. त्यात फक्त झटपट काम करणारे इन्सुलिन असते, दिवसभर पुरणारा साठा अंगात नसतो. कॅन्युला वाकली, तुंबली किंवा गळू लागली की काही तासांतच कीटोन्स वाढू लागतात. पंपाचा अलार्म नळीतला दाब वाढला तरच वाजतो. चिकटपट्टी सुटून इन्सुलिन कातडीवरच ओघळत असेल तर पंपाच्या हिशेबी सारे आलबेल. ‘माझा सेट आठवडाभर टिकतो, काही होत नाही’ असे म्हणणाऱ्यांनी चौथ्या-पाचव्या दिवशीची शुगर आणि त्या दिवशी लागलेले युनिट पहिल्या दिवसाशी ताडून पाहावेत. जागा सुजली की इन्सुलिन नीट शोषले जात नाही, दोष जेवणाला दिला जातो आणि बोलस वाढवला जातो. म्हणजे सेटचे वाचलेले पैसे इन्सुलिनच्या बाटलीत जातात, शिवाय त्याच जागी गाठी होतात त्या वेगळ्या. काढलेली कॅन्युला स्पिरिटने पुसून परत लावणे तर नकोच. पुसण्याने बारीक नळीचे आतले अंग निर्जंतुक होत नाही, आणि मऊ कॅन्युला दुसऱ्यांदा सरळ आत जाईल याची खात्री नाही.

सात दिवस चालणारे सेट निघाले आहेत, मग तीन दिवसांचा नियम ही कंपन्यांची विक्रीची युक्ती नव्हे काय? शंका रास्त आहे. पण त्या सेटची नळी आणि जोड वेगळ्या पद्धतीने बनवलेले असतात, इन्सुलिनमधली टिकवणारी द्रव्ये कमी उडावीत म्हणून. साध्या सेटला तो हिशेब लागू पडत नाही. रिझर्व्हॉयरची गोष्ट थोडी निराळी. त्याच्या आत वंगणाचा पातळ थर असतो. पुन्हा पुन्हा भरल्याने तो झिजतो, दट्ट्या अडखळतो, इन्सुलिन मागे पंपात झिरपते. म्हणून कंपन्या नको म्हणतात, आणि मीही शिफारस करणार नाही. तरीही जो भरणारच आहे त्याने डॉक्टरांना तसे सांगावे, जुन्या उरलेल्या इन्सुलिनवर नवे ओतू नये, आणि पंपाच्या खाचेत ओल किंवा दवाखान्यासारखा वास आला की रिझर्व्हॉयर टाकून द्यावा. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात तर हा मोह टाळावाच. 37 अंशांवर तापलेले इन्सुलिन फेकण्याच्याच लायकीचे. दुसऱ्याचे वापरलेले सामान सख्ख्या भावंडाचे असले तरी घेऊ नये.

खरी बचत दुसरीकडे आहे. तीन मिलीच्या रिझर्व्हॉयरमध्ये 300 युनिट मावतात म्हणून तितके भरायलाच हवेत असे नाही. रोज 30 लागत असतील तर तीन दिवसांचे 90 आणि नळी भरण्यापुरते थोडे वर, एवढे पुरते. काही स्टीलच्या सेटमध्ये सुईचा भाग वेगळा विकत मिळतो, तिथे नळी न बदलता सुई बदलता येते. आणि पंप सोडणे ही माघार नव्हे. सघन उपचाराने गुंतागुंती कमी होतात हे दाखवणाऱ्या 1993 च्या अमेरिकी डीसीसीटी अभ्यासात पंपवाले होते, तसेच दिवसातून तीन किंवा जास्त इंजेक्शने घेणारेही होते.

पंप चालू असो वा बंद, घरात पेन किंवा सिरिंज हवीच. शुगर 250 च्या वर अडकली आणि कीटोन्स दिसले, तर सुधारणेचा डोस पंपातून न देता इंजेक्शनने द्यायचा आणि सेट बदलायचा. मात्र पंपाची बाटली दर मिलीला 100 युनिटची असते, तिला नारिंगी टोपीचीच सिरिंज लागते. लाल टोपीच्या 40 च्या सिरिंजने त्याच बाटलीतून 10 च्या खुणेपर्यंत ओढले तर अंगात 25 युनिट जातात. उलट 40 ची स्वस्त बाटली पंपात भरली तर दर 10 युनिटमागे चारच मिळतात.