संभूआप्पा आणि बुवाफन

सांगली जिल्ह्यातील वाळवे तालुक्याचे मुख्य ठाणे उरुण-इस्लामपूर. २०२५ साली राज्यशासनाने या गावास ईश्वरपूर हे नाव देण्याचा निर्णय जाहीर केला. गावात मात्र दुसरी दोन नावे पिढ्यानपिढ्या एकत्र उच्चारली जातात : संभूआप्पा आणि बुवाफन. बुवाफन हे मुसलमान साधू. संभूआप्पा त्यांचे हिंदू शिष्य.

दोन संस्कृतींत वावरणारा मनुष्य आपली सोडून परकी धरतो, असा कित्येकांचा समज असतो. तो खरा नव्हे. मुसलमान गुरू केला म्हणून संभूआप्पांनी आपले नाव पालटले नाही, आणि हिंदू शिष्य लाभला म्हणून बुवाफनही मुसलमानच राहिले.

श्रीगोंद्यास याच्या उलट घडले. तेथील शेख महंमद जन्माने मुसलमान. चांद बोधले यांना गुरू मानून त्यांनी ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ १६४५ साली मराठी ओवीत रचला. आपला जन्म अविंध कुळातला, हे त्यांनी कधी लपविले नाही. (अविंध म्हणजे मुसलमान.) ज्यांच्या कानी लहानपणी निराळ्या प्रार्थना पडल्या, त्यांनी ओवी इतकी आपलीशी करावी, हे नवलच!

इस्लामपुरात कार्तिक महिन्यात संभूआप्पांची यात्रा भरते. लोक तिला उरूस म्हणतात. उरूस हा शब्द मूळचा अरबी. त्याचा अर्थ विवाह. साधूचा देह पडला, तो दिवस त्याच्या ईश्वराशी मीलनाचा, अशी त्यामागील कल्पना. यात्रेस निघालेल्या मुलास ही व्युत्पत्ती ठाऊक नसते. “मी उरुसाला चाललो,” असे तो सांगतो, आणि ते शुद्ध मराठीच असते.