मोगऱ्याचा विसावा

मोगऱ्याचे झुडूप एकदा लाविले की अनेक वर्षे फुलते. मात्र ऋतू ओळखून त्याची निगा राखावी लागते. अंबरनाथच्या बुवापाड्यात पाऊस मोठा पडतो. त्या दिवसांत बुंध्याशी पाणी साचू देऊ नये, नाहीतर मुळे कुजतात. थंडीत काही मुले मायेने मोगऱ्याला रोज पाणी घालतात. मग पाने वाढत राहतात व कळ्या थोड्याच धरतात. म्हणून डिसेंबरात पाणी तोडावे. पाने गळून झुडूप ओकेबोके दिसेल. पण वाळले समजून ते उपटू नये. ते विसावा घेत असते. जानेवारीत फांद्या छाटाव्या, शेणखत घालावे आणि पुन्हा पाणी द्यावे. नव्या फुटीवरच कळ्या येतात. विक्रमगड-जव्हारकडील शेतकरीही असाच मोगरा जोपासून उन्हाळ्यात दादरच्या फूलबाजारात पाठवितात.

स्वाध्याय : थंडीत मोगऱ्याचे पाणी का तोडतात?