तीस वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट असं करून घ्या

आधी इमारतीचं वय पक्कं करा. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब प्रमाणे तीस वर्षं झालेल्या इमारतीची तपासणी पालिकेकडे नोंद असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घ्यावीच लागते. ही वर्षं ओसीच्या (भोगवटा प्रमाणपत्राच्या) तारखेपासून किंवा निम्मी इमारत राहती झाल्यापासून, यातलं जे आधी असेल तिथून मोजायची. ओसीच मिळालेली नसेल तर जुनी वीजबिलं आणि मालमत्ताकराच्या पावत्या शोधा. स्लॅब गळत असेल तर मात्र तीस वर्षांची वाट बघू नका. २०२० साली महाडमध्ये कोसळलेली तारिक गार्डन ही इमारत जेमतेम दहा वर्षांची होती.

मग सर्वसाधारण सभेत ठराव करा. इंजिनिअर ठरवताना एकच पथ्य पाळा: दुरुस्तीचं काम ज्याच्या हाती जाण्याची शक्यता आहे, त्या ठेकेदाराने सुचवलेला माणूस घेऊ नका. किती घरं पाहणार, कोणत्या चाचण्या करणार, हे कोटेशनमध्येच लिहून घ्या.

खरी मेहनत पुढे आहे, ती म्हणजे प्रत्येक घराचं दार उघडून घेणं. बंद फ्लॅटच्या मालकांना लेखी कळवा, चाव्या मागवा. दोन-चार घरं आणि जिना पाहून केलेला अहवाल घेऊ नका, कारण इमारत बहुधा संडास-बाथरूमच्या गळतीतून सडते आणि ती फॉल्स सीलिंगच्या वर लपलेली असते. पाणी सळईपर्यंत पोचतं, सळई गंजते, गंजून फुगते आणि काँक्रीटचे पोपडे निघतात. वरून पुट्टी मारली की छत पुन्हा गुळगुळीत दिसतं, आतला गंज वाढतच राहतो. म्हणून सभासदांना आधीच सांगून ठेवा: रंगकाम थांबवा, लॉफ्ट रिकामे करा, कोणती भिंत पाडली किंवा कुठे नवी टाकी बसवली ते लपवू नका. २०१७ साली घाटकोपरची साईसिद्धी इमारत कोसळून सतरा माणसं गेली, तेव्हा तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं.

चाचण्या होताना कमिटीतल्या कोणीतरी सोबत राहावं. रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासोनिक चाचणीचे आकडे इंजिनिअर समजावून सांगेल, पण कार्बोनेशनची चाचणी तुम्ही डोळ्यांनी पाहा. खांबाचं प्लास्टर काढून नुकत्याच फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन फवारतात. निरोगी भाग गर्द गुलाबी होतो. जिथे रंगच येत नाही, तिथे सळईला गंजापासून वाचवणारी काँक्रीटची ताकद संपलेली असते. रंग न येणारा हा थर सळईपर्यंत पोचला आहे का, हे तिथेच विचारा.

अहवालात इमारतीची वर्गवारी असेल. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करून पाडायची. सी-२ए मध्ये काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती, सी-२बी मध्ये घरं न सोडता संरचनात्मक दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. पुनर्विकासासाठी उतावीळ झालेल्यांना सी-१ हवं असतं, खर्च टाळणाऱ्यांना सी-३. दोन अहवाल एकमेकांविरुद्ध आले तर पालिकेची तांत्रिक सल्लागार समिती आहे, तिच्याकडे जा. भाडेकरूंनाही अहवालाची प्रत द्या, छत त्यांच्याही डोक्यावर आहे.

पैशांसाठी आधी दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड तपासा. उरलेली रक्कम सभेत मंजूर करून हप्त्यांत गोळा करा. काम चालू असताना टेकू लावल्याशिवाय खांबाला हात लावू देऊ नका आणि ठेकेदाराचं बिल इंजिनिअरच्या सहीशिवाय चुकतं करू नका.

काम संपल्यावर इंजिनिअरचं प्रमाणपत्र वॉर्ड ऑफिसात देऊन पोच घ्या. अग्निशमन यंत्रणेचा फॉर्म बी परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो, तोही याच फायलीत लावा. यापुढे कोणीही घराचं काम काढलं तर आधी नकाशा मागा, इंजिनिअरचं लेखी मत घ्या, मगच डेब्रिजच्या गोण्या खाली उतरू द्या.